ह्यांचं हेलिकॉप्टर आणि माझा जळफळाट

माझा स्वभाव जळका आहे, असं माझी लेक म्हणते. म्हणू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. चारचौघींचे नवरे निवृत्त झाले की पेपर वाचतात, पिशवी धरून बायकोच्या मागे बाजारात हिंडतात, फार तर गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात. आमचे हे निवृत्त झाले आणि हेलिकॉप्टर उडवायला लागले. साठी उलटलेली, डोक्यावरच्या केसांनी केव्हाच राम म्हटलेला, आणि हातात रिमोट! बरं, त्याला खेळणं म्हटलेलं चालत नाही. 'मॉडेल' म्हणायचं. मी पंखा म्हणते. त्यांना राग येतो, म्हणूनच म्हणते.

हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. माणूस म्हणाल तर सुतासारखा सरळ, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. कुणाकडे गेलो तर आधी त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टच्या दाराला तळहात लावून उभे राहणार, ताप बघितल्यासारखे. मग म्हणणार, "दोर बदलायला झालाय." वर यजमानीण दार उघडून हसत उभी आहे, आपण तिच्या आजारी मुलीला बघायला आलोय, कशाचा पत्ता नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेरगावी फिरायला गेलो, तर हॉटेलची लिफ्ट बंद. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, हे आपण होऊन खाली खड्ड्यात उतरले. मी वरच्या खोलीत नटूनथटून बसलेली. परत आले ते कोपरापर्यंत काळे होऊन, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं लग्न माझ्याशी नाही, लिफ्टशीच झालंय ह्यांचं.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, आणि त्याच्या पुढच्या खोलीत मी ब्यूटी पार्लर चालवते. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. घरात शिरायचं तर पार्लरमधूनच, दुसरं दार नाही. संध्याकाळ झाली की माझे हात कुणाच्या तरी भुवयांवर दोरा फिरवत असायचे आणि कान दाराकडे. ह्यांची ड्यूटी सुटायची वेळ होऊन जायची. उजेड जायचा. शेवटची बाई आरशात मागून-पुढून स्वतःला निरखून निघून जायची, आणि मग हे यायचे.

"उशीर झाला?"

"हं."

"कुठे अडकलात?"

"लिफ्ट."

झालं आमचं संभाषण! त्या लिफ्टांवर मी काय जळले आहे म्हणून सांगू. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना दारू असते, पत्ते असतात, त्याला शिव्या तरी देता येतात. लिफ्टला काय शिव्या देणार? आत माणसं अडकलेली असतात. मी मूग गिळून बसायचे आणि मनाशी म्हणायचे, होऊ देत एकदा निवृत्त. मग हा माणूस माझा. संध्याकाळी हातात हात नको, पण बाजूबाजूने चालू तरी. एवढंच मागणं होतं माझं, काही महाल नव्हता मागितला.

निरोपाच्या दिवशी बरोबरच्यांनी भेट म्हणून हे हेलिकॉप्टर दिलं. घड्याळ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? दीड हात लांब, निळं, वर दोन लांब पाती, मागे शेपटीला छोटा पंखा. घरी आणल्या आणल्या ह्यांनी ते पार्लरमध्येच सुरू केलं. पडदा फाटला, शांपूच्या बाटल्या आडव्या झाल्या, आणि खुर्चीत तोंडाला पॅक लावून डोळे मिटून पडलेल्या बँकवाल्या बाई उठल्या त्या टॉवेलसकट जिना उतरून रस्त्यावर गेल्या. हे मात्र खाली बसून तुटलेलं पातं बोटांनी चाचपत होते. म्हणाले, "वजन शेपटीकडे जास्त आहे." मी म्हटलं, "आणि तुमचं डोकं कुठे आहे?" ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

मग कुणीतरी सांगितलं, की गावाबाहेर बंद वीटभट्टीच्या मागे मैदान आहे, तिथे असले शौकीन जमतात. हे जायला लागले. तिथे शिकवणारे मास्तर आहेत. आधी मोटार चालवायला शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांची पद्धत अशी, की नवशिक्याचा रिमोट वायरीने त्यांच्या रिमोटला जोडायचा. मास्तरांच्या बोटाखाली एक खटका. तो दाबून धरला आहे तोवर यंत्र शिकणाऱ्याच्या हातात; सोडला, की मास्तरांच्या. नवशिक्याच्या रिमोटला लाल फीत बांधलेली. जो माणूस हेलिकॉप्टरचं नाक स्वतःकडे करून ते एका जागी अधांतरी स्थिर धरून दाखवेल, त्याची फीत मास्तर सोडणार, आणि मग त्याला वायरीशिवाय, एकट्याने उडवायची मुभा.

आता ह्यातली मेख सांगते. यंत्र पाठमोरं असलं की सोपं. आपला उजवा तोच त्याचा उजवा. पण ते वळून आपल्याकडे तोंड करून उभं राहिलं की सगळं उलटं. ते डावीकडे घसरतंय म्हणून तुम्ही रिमोटची दांडी उजवीकडे न्याल, तर ते आणखी डावीकडे पळणार. तुम्ही घाबरून आणखी उजवीकडे न्याल, ते आणखी पळणार, आणि मग धाड! ह्यांचं रोज हेच. पाठमोरं असताना असं धरायचे, की मास्तरसुद्धा वा म्हणायचे. नाक वळलं की गेलंच. मला आश्चर्य वाटलं नाही. जन्मभर ज्या माणसाने फक्त वर आणि खाली केलं, त्याला डावं-उजवं कुठून कळणार?

पण माघार घेईल तो हा माणूस कसला. रोज सकाळी पेटी उचलून जायचे आणि दुपारी तुकडे घेऊन यायचे. जेवणाच्या टेबलावर तुकडे. उशाशी बारके स्क्रू. बॅटरी चार्ज होताना शेजारी राखणीला बसायचं, कारण म्हणे तिला एकटं सोडायचं नसतं. मी तापाने फणफणले होते तेव्हा मला एकटं सोडलेलं चाललं होतं! माझा मऊ ब्रश, ज्याने मी बायकांच्या मानेवरचे कापलेले केस झाडते, तो एक दिवस नाहीसा झाला. बघते तर हे त्या ब्रशने पंख्याच्या कडेकडेची धूळ काढतायत. इतक्या हलक्या हाताने, श्वास रोखून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो हात असा चालतो, हे मला माहीतच नव्हतं. माहीत व्हायला मी आधी निळी व्हायला हवं होतं.

आणि नजर! पात्यावरची केसाएवढी चीर ह्यांना खिडकीतल्या उजेडात दिसायची. मी त्याच सुमाराला कंबरेपर्यंतचे केस कापून खांद्यावर आणले. लग्नापासूनचे केस. पार्लरमधल्या सगळ्या जणी हळहळल्या, कुणी म्हणाली वय कमी दिसतं, कुणी म्हणाली काय केलंस हे. ह्यांचं लक्ष नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. आठवड्यानंतर जेवताना माझ्याकडे टक लावून बघितलं. मी उगाच खांद्यावरचे केस सावरले. म्हणाले, "आजारी आहेस का?"

तेव्हा मी ठरवलं, की ह्या सटवीत असं आहे तरी काय, ते बघायचंच.

लेकीने बापासाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घालून दिला होता. पडद्यावर मैदान, त्यावर हेलिकॉप्टर, आणि आपला खरा रिमोट जोडून ते उडवायचं. पडलं तर बटण दाबलं की पुन्हा अख्खं. कॉम्प्युटर पार्लरच्या कोपऱ्यात ठेवला होता, कारण आतल्या खोलीत आता माणसांना जागा नव्हती. दुपारी गिऱ्हाईक नसतं. हे आत जाऊन आडवे झाले, घोरण्याचा आवाज आला, आणि मी खुर्ची ओढली.

पहिल्यांदा दहा वेळा आपटलं. मला बरं वाटलं, आपटताना. मग ते एकदा कसंबसं वर राहिलं आणि आपोआप वळून माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं. मी म्हटलं, आता पडणार. पण पडलं नाही. माझा अंगठा जिकडे जायला हवा होता तिकडे गेला. ते एका बाजूला कललं, मी त्याला तिकडून सावरलं. दुसरीकडे कललं, तिकडून सावरलं. विचार करावाच लागला नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, अगं बाई, हे तर माझं रोजचंच काम! मी जन्मभर माणसांच्या तोंडासमोर उभी राहून काम केलं आहे. खुर्चीतल्या बाईला "जरा उजवीकडे मान" म्हणते तेव्हा तिचा उजवा म्हणते, माझा नव्हे. तिची डावी भुवई माझ्या उजव्या हाताला असते, आणि तिथे चूक झाली तर बाई महिनाभर तोंड लपवून फिरेल. समोरच्याच्या बाजूने हात चालवणं माझ्या बोटांत मुरलंय. सटवी माझ्यासमोर तोंड करून उभी होती, आणि मी तिला म्हणत होते, हं, हलू नकोस.

मग रोज दुपारी. ताकास तूर लागू दिली नाही मी. ह्यांचं घोरणं सुरू झालं की माझं उडवणं सुरू. खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली. खुर्चीतल्या बायकांशी बोलताना मधेच माझे अंगठे हलायचे. बँकवाल्या बाईंनी विचारलं, "हाताला वात आला का गं?" मी म्हटलं, "वयाचं आहे."

एके दिवशी हे कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि मी कात्र्या पुसत होते. नाक वळवलं, पडलं. नाक वळवलं, पडलं. प्रत्येक वेळी ह्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा, दात दुखल्यासारखा. पाचव्या-सहाव्या वेळी मला राहवलं नाही.

"सरका," मी म्हटलं.

"काय?"

"सरका हो जरा."

हे उठले. मी बसले. वर नेलं, वळवलं, नाक समोर आणलं आणि धरलं. धरूनच ठेवलं. मग जरा नखरा म्हणून तसंच, माझ्याकडे तोंड केलेलं, एका रेषेत डावीकडे नेलं आणि परत आणलं. मला वाटत होतं, आता मागून वा येईल. निदान हं येईल. काहीच आलं नाही, म्हणून मान वळवली. ह्यांचा चेहरा असा झाला होता, की त्याला काय म्हणावं? लहान मुलाच्या हातातलं काढून घेतल्यावर ते रडायच्या आधी जसं बघतं, तसे बघत होते.

"कधीपासून?"

"दुपारी. तुम्ही झोपलात की."

"मास्तरांना सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

हे वाकले आणि कॉम्प्युटर बंद करायची पद्धत सोडून त्यांनी सरळ भिंतीतला प्लग उपसला. दुसऱ्या दिवशी पेटी उचलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या टॉवेलात गुंडाळून हेलिकॉप्टर कपाटावर गेलं. मैदानाचं नाव नाही, बॅटरी नाही, स्क्रू नाहीत. टेबल मोकळं.

मी जिंकले होते! पहिले काही दिवस मी हवेत होते. लेकीला फोन करून सांगितलं, सुटला एकदाचा तुझ्या बापाचा नाद. संध्याकाळी म्हटलं, "येता का फिरायला?" तर आले. रोज यायला लागले. पण चालायचे ते तीन पावलं पुढे. मी दमून हाक मारली की थांबायचे, मी गाठलं की पुन्हा पुढे. घरी दिवसभर आतल्या खोलीत. माझ्या बायका आल्या की आतलं दार लावून घ्यायचे. आम्ही कशावर तरी खिदळायला लागलो की आतल्या रेडिओचा आवाज वाढायचा. म्हटलं, काय हा खडूसपणा! ज्याच्यासाठी जन्म काढला तो नवरा घरात आला, आणि आला तो असा. आंबट चेहऱ्याचा, न बोलता माझ्याकडे बघणारा. बघायचे तेही माझ्या हातांकडे. मी चहा गाळत असले तरी माझ्या हातांकडे. मला कळत होतं. जळकी माणसं एकमेकांना लांबून ओळखतात.

मग एकदा मास्तरच आले. पार्लरच्या दारात टोपी काढून उभे. "वहिनी, भाऊ दिसत नाहीत मैदानावर. बरे आहेत ना?"

मी काही म्हणायच्या आत आतून आवाज आला, "हिला न्या. हिला येतं."

"काय येतं?"

"समोरून धरायला. माझ्या आधी आलं हिला."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर हो. थोडंफार." मास्तर खूश. म्हणाले, "कॉम्प्युटरवर येतं तर मैदानावर येणारच. रविवारी या. दोघंही या, मी ऐकायचो नाही." मला वाटलं हे नाही म्हणतील. पण रविवारी उजाडता उजाडता हे पेटी घेऊन दाराशी तयार. म्हणाले, "पाती नीट कोण लावणार? तुला तेवढं येत नाही." एवढं बोलून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

मैदानावर ह्यांना बघून लोकांचे चेहरे खुलले. "या या लिफ्टवाले! होतात कुठे?" कुणी पाठीवर थाप मारली, कुणी खुर्ची दिली, कुणी पेटी धरायला धावलं. मी बघतच राहिले. ह्यांच्या खांद्यांचा ताण उतरलेला दिसला. एका गृहस्थाला ह्यांनी आपण होऊन सांगितलं, की तुमच्या यंत्राची शेपूट आवाज करतेय, बेअरिंग बघा. चार शब्द! सलग! घरी मला चार शब्द मिळवायला चार दिवस लागतात.

मास्तरांनी माझ्या हातात लाल फितीचा रिमोट दिला, वायर जोडली, खटका दाबला. खरं यंत्र कॉम्प्युटरसारखं नसतं. त्याचा आवाज छातीत घुमतो, गवत आडवं होतं, आणि पडलं तर बटण दाबून उभं राहत नाही. पण माझे हात घाबरले नाहीत. छातीएवढं वर नेलं. वळवलं. नाक समोर आलं. मी म्हटलं, हं, हलू नकोस. ते हललं नाही. मागे कुजबूज सुरू झाली. मास्तर हळूच म्हणाले, "शाब्बास वहिनी, अजून थोडं. फीत सोडतोच आज."

तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हाताची घडी घालून उभे होते. हसत होते. लोकांना दाखवायचं हसू, ओठांपुरतं. आणि घडीच्या आत बोटं स्वतःचाच दंड चिमटीत धरून पिळत होती.

त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून विचाराल, तर दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, की ही फीत सुटली तर हा माणूस पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही, आणि मला जन्मभर ते तीन पावलं पुढे चालणारं भूत सांभाळावं लागेल. आणि दुसरी, की ही निळी सटवी आज माझ्या हातात सापडली आहे. मी दांडी एका बाजूला ढकलली आणि तशीच धरली. मास्तरांनी खटका सोडेपर्यंत ते आडवं होऊन जमिनीत घुसलं. पाती उडाली, शेपूट मोडली.

लोक म्हणाले, अरेरे. मास्तर म्हणाले, "होतं असं, वहिनी, पहिल्यांदा होतंच." सगळे तुकडे गोळा करायला पांगले. हे माझ्याजवळ आले.

"मुद्दाम केलंस."

"वारा आला."

"वारा नव्हता."

"मग हात चुकला. तुमचा चुकत नाही का?"

"चुकलेला हात घाबरून परत येतो," हे म्हणाले. "जास्तच येतो. तुझा आला नाही. तू दाबून धरलंस." आवाज चढला होता. ह्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "लोक फोन करायचे, लिफ्ट अडकली म्हणून. आत कुणीतरी स्वतःच थांबवायचं बटण दाबून उभं असायचं. भांडायला, कधी रडायला. मी बाहेर उभा राहून ओळखायचो. मला फसवतेस? माझी कीव करतेस?"

"कीव कसली डोंबलाची!" माझंही सुटलं. लोक बघत होते, बघू देत. "मला मोडायचीच होती ती! पहिल्या दिवसापासून मोडायची होती. माझा ब्रश घेऊन तिचं अंग पुसता, तिला एकटं सोडत नाही, तिच्यावरची चीर दिसते आणि माझे हातभर केस गेलेले दिसत नाहीत! आधी लिफ्ट, मग ही. मी कधी? जळते मी, जळते! झालं समाधान?"

हे माझ्याकडे बघत राहिले. राग कुठे गेला कळलं नाही. नुसते चकित झाले होते.

"तू कशाला जळतेस?" हे म्हणाले. "जळायचं मी."

"तुम्ही कशावर?"

आणि मग हा मुखदुर्बळ माणूस बोलायला लागला. त्या मैदानात, उन्हात, तुटलेली शेपूट हातात धरून. म्हणाले, "मी गेलो तिथे माणसं चिडलेलीच भेटली मला. लिफ्ट चालू असली तर लिफ्टवाल्याची आठवण कुणाला येते? बंद पडली की मी. दार उघडलं की आतून शिव्या. तुझ्याकडे लोक हसत येतात आणि जाताना आणखी हसत जातात. इथे पहिल्यांदा मला कुणी या म्हणालं. चांगलं येत नव्हतं, तरी या म्हणायचे. एवढं एक माझं होतं. तेही तुला माझ्याहून चांगलं येतं."

पण ह्यांचं संपलं नव्हतं.

"घरी यायचो, तर खालपर्यंत ऐकू यायचं. तुम्ही सगळ्या हसत असायचात. तुझं हसणं वेगळं कळायचं त्यातून. मी दारात उभा राहिलो की बंद. एकजात सगळ्या टॉवेल ओढून घ्यायच्या. तूसुद्धा गप्प व्हायचीस. मी आत जाईपर्यंत कुणी श्वास घ्यायचं नाही. मग म्हटलं, कशाला? नंतर मी नाहीच यायचो वर. बसायचो."

"कुठे बसायचात?"

"जिन्यात. खालच्या पायरीवर. शेवटची बाई गेली की यायचो."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट केव्हाच झालेली असायची."

जवळच एक खुर्ची होती. कुणाची होती कोण जाणे, मी बसले. वर मी हातात दोरा धरून, कान दाराकडे लावून, ह्यांची वाट बघत बसायचे. त्या बायकांशी एवढं हसायचे ते कशासाठी? वाट बघताना वेळ जावा म्हणून. आणि ते हसणं ऐकत हा माणूस खाली पायरीवर बसलेला असायचा, मी हसायची थांबायची वाट बघत.

"रोज?" मी विचारलं. "अहो, रोज बसायचात?"

"छे गं, रोज कुठे," हे म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून ते खरोखर आठवून बघत होते. "बुधवारी नाही. बुधवारी तुझं पार्लर बंद असायचं ना."